गणवेशातल्यांना परीक्षा माफ

फ्लोरिडात लष्करी तळ खूप. पेन्साकोला, जॅक्सनव्हिल आणि मेपोर्टला नौदल, टँपाला मॅकडिल, पनामा सिटीजवळ टिंडल आणि त्याच्या पश्चिमेला एग्लिन हे हवाई दलाचे. अशाच एका तळाजवळच्या सरकारी कॉलेजात मी बरीच वर्षं गणित शिकवते आहे. माझा वर्ग संध्याकाळचा असतो. अर्धे विद्यार्थी कामाच्या गणवेशातच थेट हँगरमधून येतात. बुटांना ग्रीस असतं, डोळ्यांत झोप असते, तरी पहिल्या बाकावर बसायला ते कचरत नाहीत. उत्तर चुकलं तर "येस मॅम" म्हणून पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करतात. मी सातारा जिल्ह्यातल्या, घरटी एक माणूस फौजेत असलेल्या मुलखातून आले, त्यामुळे असेल, पण या मुलांविषयी मला पहिल्यापासून आपलेपणा वाटत आला.

आमच्या कॉलेजात प्रवेश कोणालाही मिळतो. अडायचं ते पुढे. आल्या आल्या वाचन, लेखन आणि गणिताची एक चाचणी द्यावी लागायची. तिला इथे प्लेसमेंट टेस्ट म्हणतात. फ्लोरिडाने २०१० पासून त्यासाठी स्वतःची परीक्षा आणली, तिचं नाव 'पर्ट'. संगणकावर देतात, गणिताचे तीस प्रश्न, वेळेचं बंधन नाही, पण स्वतःचा कॅल्क्युलेटर न्यायचा नाही. गुण ५० ते १५० यांच्यामध्ये पडतात. गणितात ११४ मिळाले तर कॉलेजचं गणित. त्याखाली आलात तर डेव्हलपमेंटल, म्हणजे शाळेतलं गणित पुन्हा. या वर्गांची फी भरायची, गृहपाठ करायचा, परीक्षा द्यायच्या, आणि पदवीच्या हिशोबात त्यांचं एकही क्रेडिट धरलं जाणार नाही.

गुण फारच कमी असतील तर डेव्हलपमेंटलचे दोन वर्ग. मग इंटरमिजिएट अल्जिब्रा, ज्याचं क्रेडिट मिळतं पण पदवीची गणिताची अट त्याने पूर्ण होत नाही. त्यानंतर कॉलेज अल्जिब्रा. चार सत्रं, एकाला एक जोडलेली. शाळेतून नुकत्याच आलेल्या मुलाला हे कंटाळवाणं होतं. सैनिकाला ते जवळजवळ अशक्य होतं, आणि ते त्याच्या बुद्धीमुळे नव्हे.

त्याचं वेळापत्रक त्याच्या हातात नसतं, हे त्याचं कारण. स्क्वाड्रन समुद्रावर गेलं की सहा-आठ महिने माणूस नाही. जाण्याआधी सराव असतात, त्यात आठवडे जातात. परत आला की पाळी रात्रीची लागते. दोन-तीन वर्षांत दुसऱ्या राज्यात बदली. अशा आयुष्यात एक सत्र सलग पूर्ण होणं हीच मोठी गोष्ट, तिथे चार सलग सत्रांची अपेक्षा ठेवायची, तीही पदवीचा पहिला खरा धडा सुरू होण्याआधी. शिवाय 'पर्ट'चे गुण दोनच वर्षं चालतात. परीक्षा दिली, वर्गात नाव घालायच्या आत हुकूम आला, परतल्यावर दुसरी अडचण निघाली, की गुणांची मुदत संपली.

माझे मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. शिवाजी विद्यापीठाची बी.ए.ची परीक्षा बाहेरून द्यायला ते सुट्टी घेऊन यायचे. परीक्षेची तारीख ठरलेली, सुट्टी मात्र कधीही रद्द होणारी. एकदा रद्द झाली, पुढच्या खेपेला पुन्हा तेच, मग त्यांनी नाद सोडला. निवृत्तीनंतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली, तेव्हा त्यांच्या मुलीचंही कॉलेज संपत आलं होतं. मामांचा अभ्यास कधीच कच्चा नव्हता. इथल्या सैनिक विद्यार्थ्यांचे अर्ज चाळताना मला त्यांची आठवण येते ती यासाठी.

सैनिकांना ही चाचणी माफ करणारा कायदा येण्यापूर्वीचा एक विद्यार्थी सांगते. नौदलात हेलिकॉप्टर मेकॅनिक, वय सत्तावीस-अठ्ठावीस. शाळा सोडून नऊ-दहा वर्षं झालेली. 'पर्ट'मध्ये नव्वदच्या घरात गुण मिळाले आणि तो माझ्या सगळ्यात खालच्या वर्गात आला. पहिला महिना आम्ही अपूर्णांकांवर घालवला. एकदा तो वर्गानंतर थांबला आणि म्हणाला, "मॅम, हे मी रोज करतो, फक्त असं लिहीत नाही."

मग त्याने फळ्यावर दाखवलं. नट किती जोराने आवळायचा हे ठरलेलं असतं, त्यासाठी टॉर्क रेंच असतो. पण जागा अडचणीची असेल तर पान्याच्या टोकाला जोडतुकडा लावावा लागतो. पाना लांब झाला की तेवढ्याच जोराने नट जास्त आवळला जातो. म्हणून पान्यावरचा आकडा कमी करून लावायचा. किती कमी? पान्याची लांबी भागिले पान्याची आणि तुकड्याची मिळून लांबी, आणि त्याला हवा असलेल्या टॉर्कने गुणायचं. पाना बारा इंच, तुकडा तीन इंच, हवा असलेला टॉर्क शंभर. बारा छेद पंधरा, म्हणजे चार पंचमांश. पान्यावर ऐंशी लावायचे. त्याने हे खडूने लिहिलं तेव्हा ती अंश-छेदात चल असलेली बैजिक राशी होती, म्हणजे आमच्या अभ्यासक्रमात दोन सत्रं पुढे असणारी. त्याला ती कळत होती, वापरता येत होती आणि तिच्यात चूक झाली तर काय होतं याची त्याला माझ्याहून जास्त जाणीव होती. परीक्षेच्या पडद्यावर मात्र x आणि y दिसले, आणि त्यांचे अवयव कसे पाडायचे हे तो विसरला होता.

विसरणं आणि न येणं यांत शिक्षकाला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. विसरलेल्याला दोन-तीन आठवडे हात दिला की तो उभा राहतो. न आलेल्याला खरंच वर्ष लागतं. ही चाचणी त्या दोघांना एकाच बाकावर बसवत होती.

तो पहिला वर्ग उत्तम गुणांनी पास झाला आणि त्याची व्हर्जिनियाला बदली झाली. काही महिन्यांनी त्याची ई-मेल आली. तिकडच्या कॉलेजांची चाचणी वेगळी, वर्गांची विभागणी वेगळी, त्यामुळे पुन्हा परीक्षा, पुन्हा अपूर्णांक. टेक्सासची चाचणी आणखी निराळी. देश एक, सैन्य एक, आणि त्या सैन्यातल्या माणसाने राज्य बदललं की त्याला गणित येतं का याचा निवाडा नव्याने. त्याने पुढे काय केलं हे मला कळलं नाही. मला राग आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

२०१३च्या मे महिन्यात गव्हर्नर रिक स्कॉट यांनी सिनेट बिल १७२० वर सही केली. त्यात दोन गटांना ही चाचणी माफ झाली. एक, २००३-०४ किंवा त्यानंतर फ्लोरिडाच्या सरकारी शाळेत नववीत प्रवेश घेऊन रीतसर डिप्लोमा मिळवलेले विद्यार्थी. दुसरा, अमेरिकन सैन्यदलांच्या कोणत्याही शाखेत सक्रिय सेवेत असलेले. या दोघांवर चाचणीची सक्ती नाही आणि डेव्हलपमेंटल वर्गांचीही नाही. स्वतःहून घ्यायचे असतील तर कॉलेजने ते द्यायचे. २०१४च्या शरद सत्रापूर्वी सगळ्या कॉलेजांनी तयारी करायची होती.

आमच्या विभागात खडाजंगी झाली, पण ती सगळी पहिल्या गटावरून. सैनिकांच्या कलमावर फारसं कोणी बोललं नाही. एक ज्येष्ठ सहकारी तेवढे म्हणाले, "त्यांना मान द्यायचा असेल तर रांगेत पुढे उभं करा. परीक्षा माफ करून त्यांना बुडवू नका." त्यांच्या बोलण्यात तळमळ होती, म्हणून मी ते मनावर घेतलं. तरी मी त्या कलमाच्या बाजूने उभी राहिले, आणि आज विचारलंत तरी राहीन.

एक तर ही माणसं बिनपरीक्षेची आलेली नाहीत. सैन्यात भरती होतानाच त्यांना 'ॲसव्हॅब' नावाची मोठी चाचणी द्यावी लागते. तिच्यात अंकगणिताची उदाहरणं आहेत, बीजगणित-भूमितीचं ज्ञान आहे, यंत्रांची समज आहे. त्या गुणांवर कोणाला कोणतं काम मिळणार हे ठरतं. त्यानंतर महिनोन्‌महिने तांत्रिक शिक्षण, त्याच्या परीक्षा. त्यांच्या लष्करी शिक्षणाची गुणपत्रिका कॉलेजला येते आणि तिच्यावरून आम्ही क्रेडिट देतोही. एका खिडकीवर त्याच्या शिक्षणाचं क्रेडिट द्यायचं आणि शेजारच्या खिडकीवर त्याला शाळेत परत पाठवायचं, हे मला कधीच पटलं नव्हतं.

आणि मुळात या चाचण्यांवर किती विसंबायचं? कोलंबिया विद्यापीठातल्या कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राने याच काळात मोठा अभ्यास केला होता. गणितात साधारण चारांतला एक आणि इंग्रजीत तिघांतला एक विद्यार्थी चाचणीमुळे पार चुकीच्या वर्गात बसतो, असं त्यांना आढळलं. शाळेतले गुण पाहिले तर अंदाज अधिक बरा येतो, असंही. चारांत एक म्हणजे माझ्या तीस जणांच्या वर्गात सात-आठ. ते सात-आठ कोण, हे मला साधारण दुसऱ्या आठवड्यापर्यंत कळायचं. कळून उपयोग नसायचा, कारण सत्र सुरू झालेलं असायचं.

माफीचं पहिलं सत्र मात्र कठीण गेलं. गणवेशातली बरीच मुलं थेट इंटरमिजिएट अल्जिब्रात आली. काही तरली, आणि काही तर फार छान तरली. पण एक तरुण, विमानांच्या विद्युत यंत्रणेवर काम करणारा, पहिल्या चाचणीपासूनच मागे पडला. ऋण चिन्ह कंसातून बाहेर काढताना त्याचं प्रत्येक वेळी बिनसायचं. तो वर्ग चुकवत नव्हता, पण रात्रपाळी करून यायचा आणि वर्गाबाहेर विचारायला त्याला कोणी नव्हतं. शेवटी त्याला डी मिळाला.

डी म्हणजे फक्त अक्षर नव्हे. सेवेतल्या सैनिकाची फी सरकार भरतं, एका क्रेडिटमागे २५० डॉलरपर्यंत. त्याला ट्युइशन असिस्टन्स म्हणतात. पण सीच्या खाली गुण आले तर ते पैसे सैनिकाने परत करायचे, पगारातून. दुसरा कोणी विद्यार्थी नापास झाला तर त्याचं सत्र जातं. याचं सत्र गेलं, पैसे गेले आणि वरिष्ठांपुढे मानही खाली गेली. त्यातच २०१३च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनच्या अर्थसंकल्पी कपातीत लष्कर, मरीन आणि हवाई दलाने ही मदत काही आठवडे थांबवलीच होती. संसदेने ती परत सुरू करायला लावली, पण या मुलांच्या मनात धास्ती राहिली होती, की हे पैसे कधीही बंद होतील, तेव्हा मिळतील तोवर घाई करा. घाईतच तो वरच्या वर्गात आला होता.

मी त्याला भेटायला बोलावलं. तो चिडलेला नव्हता, शांत होता. म्हणाला, "परीक्षा घेतली असती तर मला कळलं असतं की मला काय येत नाही." या वाक्याला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. उत्तर नंतर सापडलं, आणि ते ती परीक्षा परत आणण्याचं नव्हतं. आपल्याला काय येत नाही हे कळण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहेच. पण ते कळण्यासाठी त्याला वर्षभर मागे ढकलायची गरज नाही.

तेव्हापासून मी पहिल्याच तासाला बारा उदाहरणांचा एक कागद देते. गुण नाहीत, नोंद नाही, तो कागद ऑफिसात जात नाही. अपूर्णांकांची बेरीज, ऋण संख्या, कंस सोडवणं, एक साधं समीकरण, दोन घातांक, थोडे अवयव. रात्री बसून मी प्रत्येकाच्या कागदावर लिहिते: तुझा अमुक सांधा सैल आहे, पहिले तीन आठवडे सोमवारी-बुधवारी अर्धा तास लवकर ये. त्याच कायद्याने डेव्हलपमेंटल शिक्षणाचे नवे प्रकारही आणले होते. त्यांतला एक म्हणजे कॉलेजचा वर्ग आणि त्याला पूरक तास एकाच सत्रात, बरोबरीने. आमच्या कॉलेजने तो जरा उशिराच आणि अर्ध्या मनाने सुरू केला, कारण खालचे वर्ग कमी झाले तशी त्या वर्गांची माणसंही कमी केली होती. माझी खरी तक्रार इथे आहे. चाचणी माफ करायला पैसा लागत नाही. संध्याकाळी सहा ते आठ एक शिकवणारा माणूस बसवायला लागतो.

फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढे राज्यभराची आकडेवारी तपासली. वर्गात बसलेल्यांपैकी पास होण्याचं प्रमाण थोडं घसरलं होतं, पण नव्याने आलेल्या एकूण विद्यार्थ्यांपैकी पहिल्या वर्षात कॉलेजचं गणित पार करणारे वाढले होते. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक विद्यार्थ्यांमध्ये ही वाढ ठळक होती. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. पूर्वी जे गळायचे ते कॉलेजच्या गणितापर्यंत पोचायचेच नाहीत, त्यामुळे त्यांची गळती आमच्या निकालात दिसत नसे.

माफी असूनही चाचणी मागून घेणारेही भेटतात. एक चीफ पेटी ऑफिसर होते, चाळिशी ओलांडलेले, निवृत्ती जवळ आलेली. सल्लागाराने त्यांना सांगितलं की तुम्हाला परीक्षेची गरज नाही. ते म्हणाले, गरज नाही हे ठाऊक आहे, मला द्यायची आहे. त्यांनी दिली, गुण कमी आले, आणि त्यांनी स्वतः डेव्हलपमेंटल वर्ग निवडला. वर्गात वीस वर्षांच्या मुलांशेजारी बसून ते अवयव पाडायचे. एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाले की माझ्या हाताखालच्या पोरांना मी पायऱ्या गाळू देत नाही, मग मी कशा गाळू? पण त्यांना वेळ होता, कारण ते आता किनाऱ्यावरच्या नेमणुकीत होते आणि जहाजावर जायचे नव्हते. ज्याला सहा महिन्यांत निघायचं आहे त्याचा निर्णय वेगळा असणार. कायद्याने दोघांनाही आपापला निर्णय घेऊ दिला, हे त्या कलमाचं मोठेपण मला वाटतं.

त्या कलमाचं खुजेपणही तेवढंच स्पष्ट आहे. माफी आहे ती फक्त सक्रिय सेवेत असलेल्यांना. एखादी मुलगी ओहायोत शिकली, आठ वर्षं नौदलात राहिली, आमच्या तळावरून सन्मानाने सेवामुक्त झाली. शुक्रवारी तिला चाचणी माफ होती. सोमवारी, साध्या कपड्यांत, ती माफी गेली. तिचं डोकं तेच, विसरलेलं बीजगणित तेच, आणि आता तर तिला पूर्ण वेळ शिकायचं आहे. टेक्सासचा नियम पाहा. १ ऑगस्ट १९९० नंतर सन्मानाने सेवामुक्त झालेल्यांना तिथे राज्याच्या चाचणीतून सूट आहे. सक्रिय सेवेतल्यांना मात्र प्रवेशापूर्वीची किमान तीन वर्षांची सेवा लागते. म्हणजे तिथे दार सेवामुक्तांना सताड उघडं आणि नव्या भरतीला बंद, इथे नेमकं उलट. दोन्ही राज्यांनी एकमेकांचं अर्धं अर्धं घेतलं असतं तर किती बरं झालं असतं.

सैनिकांच्या बायका, आणि हल्ली नवरेही, यांना तर कुठेच जागा नाही. बदली त्यांचीही होते. नोकरी सुटते, कॉलेज अर्धवट राहतं, नव्या राज्यात सगळं पहिल्यापासून. बाहेरच्या राज्यात शाळा झालेली असली तर माफीच्या दोन्ही गटांत त्या बसत नाहीत. माझ्या वर्गात एक जोडपं बरोबर आलं होतं, दोघंही व्हर्जिनियातल्या एकाच शाळेत, एकाच वर्गात शिकलेली. तो गणवेशात, म्हणून थेट वर्गात. तिला चाचणी, आणि तिचे गुण १०९. पाच कमी. शाळेत गणितात ती त्याच्या पुढे होती, हे तोच सगळ्यांना सांगत होता.

कोविडच्या काळात परीक्षा केंद्रं बंद पडली, तेव्हा राज्याने शाळेतले गुण आणि पूर्वीचे विषय पाहून वर्ग ठरवायला कॉलेजांना मुभा दिली, आणि पुढे ती वाट खुली राहिली. त्यामुळे आता अशा मुलींची अडचण बरीच कमी झाली आहे. शाळेची गुणपत्रिका दहा वर्षं जुनी असली आणि ती शाळा दोन हजार किलोमीटरवर असली, तर ती मिळवायला महिना जातो, एवढंच. आमच्या सल्लागारांपैकी एकजण आता दर सत्राच्या आधी तळावर जाते आणि कुटुंबांना सांगते, की बदलीचा हुकूम हातात पडला की सामान बांधायच्या आधी गुणपत्रिकेच्या प्रती मागवून ठेवा.

सेवामुक्तांना आणि कुटुंबांना त्या कलमात घ्यावं, असं पत्र मी आमच्या भागातल्या राज्य प्रतिनिधीला पाठवलं आहे. सोबत टेक्सासच्या नियमाची प्रत जोडली आहे, आणि संध्याकाळच्या पूरक तासांसाठी वेगळी तरतूद मागितली आहे. तरतुदीशिवाय नुसती माफी वाढवली, तर मी त्याला पाठिंबा देणार नाही, हेही त्यात लिहिलं आहे.